टायमिंग पट्टा बदलला आणि तेल गळू लागले – दोष कसा ओळखाल?



हळद काढली, शिजवली, वाळवली, पॉलिश केली, पोती शिवून झाली. आता माल हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात नाहीतर वसमतच्या मोंढ्यात न्यायचा. अशा ऐन घाईच्या दिवसांत घरच्या छोट्या मालगाडीखाली सकाळी तेलाचे थारोळे दिसते. चारच दिवसांपूर्वी गॅरेजमध्ये टायमिंग पट्टा नवा टाकलेला असतो. मग प्रश्न पडतो, पट्टा बदलल्यामुळे तेल गळू लागले की आधीपासूनच गळत होते? गाडी चालवावी की उभी करावी? मिस्त्री म्हणतो, "थोडं पाझरतंच, चालू द्या." शेजारी म्हणतो, "इंजिन उघडावं लागतंय." दोघांपैकी कुणाचेच ऐकण्याआधी आपण स्वतः तासाभरात बरेच काही तपासू शकतो. ते कसे, हे या पत्रकात क्रमाने दिले आहे.

टायमिंग पट्टा म्हणजे कोणता?

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे इंजिनावरच्या कुठल्याही पट्ट्याला नुसते "बेल्ट" म्हणतात. बाहेरून दिसतो, पंखा किंवा डायनामो फिरवतो, तो फॅनबेल्ट. तो तुटला तर गाडी गरम होईल, बॅटरी भरणार नाही, पण नवा टाकला की काम भागते. टायमिंग पट्टा वेगळा. तो इंजिनाच्या एका अंगाला झाकणाआड असतो, रबराचा असतो आणि त्याला आतून दाते असतात. खालच्या क्रँकशाफ्टची फिरकी तो वरच्या कॅमशाफ्टला देतो. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरला पाहिजे, हा हिशोब एका दात्यानेही चुकता कामा नये. बऱ्याच डिझेल इंजिनांत हाच पट्टा डिझेल पंपही फिरवतो, तर काहींत पाण्याचा पंपसुद्धा त्याच्यावरच असतो.

आपल्या ट्रॅक्टरला आणि विहिरीवरच्या जुन्या तेल-इंजिनाला साधारणपणे असा पट्टा नसतो. तिथे हे काम लोखंडी गिअर करतात. रबरी पट्टा आपल्या दारात आला तो लहान गाड्यांबरोबर. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये तो होता. २००५ साली आलेली टाटा एस, जिला आपण छोटा हत्ती म्हणतो, तिच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनातही तो आहे. काही गाड्यांना पट्ट्याऐवजी साखळी असते आणि काही नव्या इंजिनांत पट्टा मुद्दाम तेलातच फिरवतात. म्हणून आपल्या गाडीत काय आहे ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात आधी पाहून घ्यावे. या पत्रकातील माहिती कोरड्या रबरी पट्ट्याच्या इंजिनासाठी आहे.

ही गळती किरकोळ का मानू नये?

याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण पट्ट्याचे. कोरड्या पट्ट्याला तेल लागले की त्याचे रबर फुगते, मऊ पडते आणि दाते सुटू लागतात. असा पट्टा चालत्या गाडीत घसरला किंवा तुटला, तर खालचा पिस्टन वर येतो आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांमध्ये जागा फारच थोडी असते. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टन फुटतो, हेड उतरवावे लागते. सील आणि पट्टा यांच्या खर्चाच्या कित्येक पट खर्च मग येतो, आणि गाडी हंगामात उभी राहते ते वेगळेच.

दुसरे कारण तेलाच्या पातळीचे. थेंब लहान दिसतो, पण हिशोब करून बघा. सुमारे २० थेंबांचे १ मिलिलीटर होते. दर १० सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला ३६० थेंब, म्हणजे १८ मिलिलीटर तेल जाते. गाडी रोज ६ तास चालली तर दिवसाला १०८ मिलिलीटर आणि १० दिवसांत एक लीटरहून जास्त. लहान इंजिनात तेल मुळातच थोडे असते. डिपस्टिकवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत पुष्कळदा लीटरभराचे, कधी त्याहून कमीच अंतर असते. म्हणजे "थोडं पाझरतंय" म्हणता म्हणता दहा-बारा दिवसांत बेअरिंगला तेल कमी पडू शकते.

पट्टा बदलल्यावरच गळती का दिसते?

पट्टा स्वतः तेल धरून ठेवत नाही. त्यामुळे नव्या पट्ट्याने तेल गळते असे होत नाही. गळती होते ती पट्टा बदलताना ज्या भागांना हात लागतो त्यांतून. ते भाग असे :

१. क्रँक सील : खालच्या क्रँकशाफ्टचे टोक जिथून बाहेर येते, तिथले रबरी सील. जुने सील उष्णतेने कडक झालेले असते. चाकी ओढून काढताना पेचकस लागला तर त्याला चरा पडतो. नवे सील तिरपे बसले, कोरडेच ठोकले, त्याचा ओठ दुमडला किंवा आतली बारीक स्प्रिंग निसटली, तरी ते पहिल्या दिवसापासून गळते.

२. कॅम सील : वरच्या कॅमशाफ्टचे सील. कारणे वरीलप्रमाणेच.

३. शाफ्टवरची खाच : वर्षानुवर्षे सीलचा ओठ एकाच जागी घासून शाफ्टवर बारीक खाच पडते. नवे सील बरोबर त्याच खाचेवर बसले तर चांगले सीलही पाझरते.

४. टॅपेट कव्हरचे पॅकिंग : काम करताना वरचे झाकण उघडले आणि जुनेच पॅकिंग परत बसवले, किंवा बोल्ट एका बाजूने जास्त आवळले, तर तिथून तेल ओघळते. हे तेल खाली येऊन क्रँक सील गळत असल्यासारखे दिसते. फसगत होते ती इथेच.

५. ऑइल चेंबर : इंजिनाचा माऊंटिंग बोल्ट काढताना खालून जॅक लावतात. जॅक थेट चेंबरच्या पत्र्यावर लावला असेल तर पत्रा दबतो आणि पॅकिंग हलते.

६. त्याच वेळी तेल बदलले असल्यास : फिल्टर सैल राहणे, फिल्टरचे जुने रबर चिकटून राहून त्यावर नवे बसणे, ड्रेन बोल्टचा वॉशर जुनाच असणे.

७. तेल जास्त भरणे किंवा ब्रीदर तुंबणे : इंजिनातली वाफ बाहेर जाण्याची नळी बंद असेल तर आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून वाट काढते. अशा वेळी सील कितीदा बदलले तरी गळती थांबत नाही.

८. आणि कधी कधी गळती नसतेच. काम करताना सांडलेले तेल कोपऱ्यात साचलेले असते, ते दोन-तीन दिवस ओघळत राहते. म्हणून घाईने मिस्त्रीशी भांडायला जाऊ नये. आधी तपासावे.

तपासणी कशी करावी?

साहित्य साधे आहे. जुने कापड, ब्रश, थोडे डिझेल, बॅटरी, मोठा पुठ्ठा, अंगाला लावायची पावडर आणि पांढरा कागद.

*पायरी पहिली – गळते ते इंजिन ऑइलच आहे का?*

खाली पडलेला थेंब पांढऱ्या कागदावर टिपा. इंजिन ऑइलचा डाग काळसर, बुळबुळीत असतो. नुकतेच बदलले असेल तर तपकिरी किंवा मधासारखाही दिसेल, तेव्हा डिपस्टिकवरचे तेल शेजारी टिपून दोन्ही डाग ताडून बघा. डिझेलचा डाग पातळ असतो, भरभर पसरतो आणि वासाने ओळखू येतो. हिरवट किंवा लालसर पाण्यासारखे काही असेल तर ते रेडिएटरचे कूलंट. पट्टा बदलताना पाण्याचा पंप काढला असेल तर तिथले पॅकिंग बघा. घट्ट आणि उग्र वासाचे असेल तर ते गिअर ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर द्रव दिसला तर ते ब्रेक ऑइल असू शकते. तसे असल्यास गाडी जागची हलवू नका.

*पायरी दुसरी – पातळी बघा.*

गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा पूर्ण घाला आणि मग वाचा. तेल खालच्या खुणेखाली असेल तर इंजिन सुरू करू नका, आधी योग्य तेल भरा. वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचे काढून घ्या. आजची पातळी आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवा.

*पायरी तिसरी – स्वच्छ करा.*

तेलाने माखलेल्या इंजिनावर गळती शोधणे म्हणजे चिखलात सुई शोधणे. इंजिन थंड असताना ब्रशला थोडे डिझेल लावून बाहेरचा भाग पुसून काढा, मग कोरड्या कापडाने खडखडीत पुसा. विडी-काडी दूर ठेवा. डायनामो, वायरी आणि टायमिंग पट्ट्याचे झाकण यांवर डिझेल किंवा पाण्याची धार मारू नये. पट्ट्याला डिझेल लागले तर आपणच नुकसान ओढवून घेऊ.

*पायरी चौथी – पावडर लावा.*

टॅपेट कव्हरची कड, फिल्टरची बैठक, ऑइल प्रेशर स्विचची जागा, चेंबरची कड, या कोरड्या केलेल्या भागांवर पावडर हलक्या हाताने भुरभुरा. पट्ट्याच्या झाकणात पावडर जाऊ देऊ नका. आता इंजिन दहा-पंधरा मिनिटे जागेवर चालवा, मग चार-पाच किलोमीटरची फेरी मारा. परत आल्यावर इंजिन बंद करून बॅटरीच्या उजेडात बघा. तेल जिथे पहिल्यांदा फुटले, तिथे पावडर ओली होऊन काळी रेघ उमटलेली दिसेल.

एक नियम ध्यानात ठेवा. तेल वरून खाली येते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे जाते. म्हणून जिथे थेंब पडतो तिथे दोष नसतो. ओल्या भागांपैकी सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा जो बिंदू, तिथून सुरुवात करावी.

*पायरी पाचवी – रात्रभर पुठ्ठा ठेवा.*

गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर खुणेने दाखवा. सकाळी थेंब पट्ट्याच्या बाजूला पडलेत, चेंबरच्या मधोमध की गिअर बॉक्सच्या जोडाजवळ, हे कळेल. हाच पुठ्ठा मिस्त्रीला दाखवायला उपयोगी पडतो. तोंडी वर्णनापेक्षा तो बरा.

*पायरी सहावी – पट्ट्याच्या झाकणाआड बघा.*

हे काम इंजिन बंद आणि थंड असताना, बॅटरीची तार काढून, माहीतगार माणसाकडूनच करून घ्यावे. झाकण काढल्यावर पुढील खुणा बघाव्यात :

– झाकणाच्या आत, खालच्या चाकीभोवती तेलाचे गोल शिंतोडे आणि त्यावरचा भाग कोरडा : क्रँक सील किंवा त्यालगतच्या ऑइल पंपाचे पॅकिंग.

– वरच्या चाकीमागून ओघळ निघून खाली आलेला : कॅम सील.

– आतला भाग पूर्ण कोरडा, बाहेरची बाजू ओली : दोष टॅपेट कव्हर, फिल्टर किंवा ऑइल प्रेशर स्विचचा. हा स्विच लहान आणि स्वस्त असतो, पण इंजिन चालू असताना त्यातून दाबाने तेल उडते आणि गळती फार मोठी वाटते.

– गिअर बॉक्सच्या जोडाजवळ ओल : मागचे क्रँक सील असू शकते. मात्र टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेचे तेलही तिथेच उतरते. आधी वर बघा, मगच गिअर बॉक्स उतरवायचे ठरवा.

*पायरी सातवी – आतला दाब बघा.*

इंजिन जागेवर मंद चालू असताना तेल भरण्याचे झाकण फिरवून सैल करा आणि नुसते टेकवून ठेवा. ते थोडे थरथरले तर काळजी नाही. पण झाकण उड्या मारत असेल आणि भकाभक धूर येत असेल, तर ब्रीदरची नळी तुंबली आहे का ते आधी बघावे. नळी मोकळी असूनही तसेच होत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याची शक्यता आहे. अशा इंजिनात नुसते सील बदलून पैसे वाया जातात.

गाडी केव्हा थांबवावी?

पुढीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी माल भरू नये, गाडी उभी करावी. गरज पडली तर टोचन करून न्यावी :

– तेलाचा लाल दिवा चालू गाडीत लागणे. दिवा लागताच इंजिन ताबडतोब बंद करावे, "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणू नये.
– टायमिंग पट्टा तेलाने ओला दिसणे.
– गरम सायलेन्सरच्या नळीवर तेल पडून धूर निघणे. यात आगीचा धोका आहे.
– पट्टा बदलल्यापासून गाडी सुरू व्हायला त्रास, जास्त धूर किंवा ठोके ऐकू येणे. पट्टा एखादा दात चुकलेला असू शकतो.

या उलट, पट्टा कोरडा आहे, पातळी बरोबर आहे आणि टॅपेट कव्हरच्या कडेला नुसती ओल आहे, तर गाडी रिकामी गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. वाटेत एकदा थांबून पातळी जरूर बघावी.

दुरुस्ती करून घेताना

सील गळत असेल तर सील बदलावे, त्यावर बाहेरून एम-सील किंवा सिलिकॉन फासून उपयोग नाही. नव्या सीलच्या ओठाला स्वच्छ तेल लावून ते सरळ, सारखे दाबून बसवावे. शाफ्टवर खाच असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवता येते का ते मिस्त्रीला विचारा, म्हणजे ओठ नव्या गुळगुळीत जागेवर येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, तेल लागलेला पट्टा चार दिवसांचा का असेना, तो बदलावाच. पेट्रोलने धुऊन, पुसून तोच परत बसवणे ही बचत नव्हे. काम झाल्यावर झाकण पूर्ण बसवून घ्यावे. उघड्या पट्ट्यात सोयाबीनचा भुसा, धूळ आणि खडे जातात.

मिस्त्रीशी बोलताना सरळ बोलावे. पावती, पट्टा बदलला त्या दिवसाचे किलोमीटर, पातळीची नोंद आणि पुठ्ठा समोर ठेवावा. सील नवे टाकले होते का, टॅपेट कव्हर उघडले होते का, जॅक कुठे लावला होता, हे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. जुने सील मूळचेच असेल आणि बदलायला सांगितलेच नसेल, तर दोष एकट्या मिस्त्रीचा म्हणता येत नाही. नवे सील चार दिवसांत गळत असेल तर काम पुन्हा करून मागण्याचा आपल्याला हक्क आहे. मात्र गळती दिसल्यावर लगेच जावे. महिनाभर तशीच गाडी चालवून मग गेल्यास कोणाचा दोष हे सांगणे कठीण होते.

पुढच्या वेळी पट्टा टाकताना टेन्शनर बेअरिंग, क्रँक सील, कॅम सील आणि पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंप असेल तर तोही तपासून, गरजेप्रमाणे त्याच वेळी बदलून घ्यावा. खोलण्या-जोडण्याची मजुरी एकदाच पडते. जुने सुटे भाग मागून घ्यावेत. पट्टा किती किलोमीटरला आणि किती वर्षांनी बदलायचा ते गाडीच्या पुस्तकात असते. दोन्हींपैकी जे आधी होईल ते धरावे. सोयाबीन घरात आले आहे आणि हळद काढणीला अजून अवकाश आहे, तो डिसेंबर-जानेवारीचा काळ या कामाला सोयीचा. म्हणजे काही राहून गेलेच तर ते हंगामाआधी ध्यानात येते.

हे करू नका

१. चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ हात, रुमाल, उपरणे किंवा पदर नेऊ नका. मुलांना दूर ठेवा.
२. जॅकवर उचललेल्या गाडीखाली, लाकडी ठोकळे किंवा घोडी लावल्याशिवाय शिरू नका.
३. गळती थांबावी म्हणून पुस्तकात सांगितल्यापेक्षा घट्ट तेल भरू नका. थंडीत ते वरपर्यंत वेळेवर पोचत नाही.
४. गळती थांबवणाऱ्या औषधाच्या बाटलीवर विसंबू नका. फाटलेले सील त्याने शिवले जात नाही.
५. गळकी गाडी खळ्यावर, हळद वाळत घातलेल्या जागी किंवा शेंगांच्या ढिगाजवळ उभी करू नका. तेलाचा वास आणि डाग लागलेल्या मालाला मोंढ्यात भाव मिळत नाही.
६. काढलेले जळके तेल विहिरीजवळ, नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. थोडेसे तेलही पुष्कळ पाणी नासवते. ते डब्यात साठवून गॅरेजमध्ये जमा करा.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन शब्द

ट्रॅक्टरला पट्टा नसला तरी पुढच्या टायमिंग कव्हरचे पॅकिंग आणि क्रँक सील असतेच. गिअर तेलातच फिरतात, त्यामुळे तिथे पट्टा खराब होण्याची भीती नाही. पण तेल कमी होण्याची भीती तेवढीच. ओळखण्याची रीत हीच : पुसा, पावडर लावा, चालवा, सर्वांत वरचा ओला बिंदू शोधा.

थोडक्यात सांगायचे तर, आधी कागदावर थेंब ओळखा, मग पातळी मोजा, मग स्वच्छ करून उगम शोधा, आणि पट्टा ओला दिसला तर गाडी थांबवा. एवढे केले तर मिस्त्रीही नेमक्या जागी हात घालेल आणि आपला हळदीचा माल वाटेत अडकणार नाही. हे पत्रक गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा, आणि गाडी दुसरे कोणी चालवत असेल तर त्यालाही वाचून दाखवा.